वांगडूची मुरड

ॲमस्टरडॅमजवळच्या बाडहूव्हडॉर्पला विमानं इतक्या खालून जातात की दोरीवरच्या कपड्यांवरून त्यांची सावली सरकते. नवा माणूस मान वर करतो. यांगझोमनं मान वर करणं केव्हाच सोडलं. तिथल्या एका गोदामात ती पांघरुणांच्या घड्या घालते. विमानातल्या लोकांनी अंगावर ओढलेली पांघरुणं धुऊन येतात, भट्टीतून काढल्यासारखी गरम. ती झटकायची, चौघडी करायची, पिशवीत सरकवायची, की पुढचं. सोबतीला पोलंडच्या बाया, मोरोक्कोच्या बाया. कोणी विचारलं तू कुठली, तर ती सांगायची, तिबेटची. अन् तिबेट तिनं जन्मात पाहिलेलं नव्हतं.

ती गोठणगावची. इटियाडोह धरणाच्या अंगाला, आपल्या झाडीच्या मुलखात, सरकारनं तिबेटी माणसांना जंगलातली जागा दिली. आजूबाजूची गावं त्या वसाहतीला नुसतं कॅम्प म्हणतात. यांगझोमचा बाप वांगडू डोंगर ओलांडून आलेला. आधी हिमाचलात रस्त्यावर गिट्टी फोडली, मग इकडे धाडला. बर्फातला माणूस आणून मे महिन्यात झाडीपट्टीत टाकला तर काय व्हायचं ते झालं. पहिल्या उन्हाळ्यांत कॅम्पातली म्हातारी माणसं पिकल्या मोहासारखी टपटप गळाली. राहिली ती शिकली. धानाची बांधी बांधायला शिकली, रोपांसाठी पऱ्हे टाकायला शिकली, लावणीचा रोवणा आला की शेजारच्या गावातल्या बाया बोलवायला शिकली. धान निघालं की वांगडू स्वेटरांचं गाठोडं घेऊन नागपूरला जायचा आणि थंडी सरली की परत यायचा.

यांगझोम मराठी शिकली ती रोवण्यात. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांच्या रांगेत जी मराठी ऐकू येते ती, पाठ दुखली की शिवी देणारी. पुण्यामुंबईकडची कॉम्प्युटरवाली पोरं तिला इकडे ॲमस्टरडॅमात कधीमधी भेटत, तिचं ‘कायले’ अन् ‘कोठी’ ऐकून तोंडावर हात धरत. ती म्हणायची, हसा बापा हसा, तुमची मराठी इस्तरीची आहे, ती घालून बांधीत उतरता येत नाही.

वांगडू धान पिकवायचा, स्वेटर विकायचा, पण कॅम्पात त्याला मान होता तो गळ्यासाठी. तिबेटी माणसांचा एक खेळ आहे, ल्हामो. उघड्यावर खेळतात. वर पांढरा तंबू ताणायचा, त्याला भिंती नाहीत. एक ढोल, एक झांजांची जोडी, बाकी सगळा गळ्याचा कारभार. निळे मुखवटे घातलेले शिकारी येऊन आधी जागा शुद्ध करतात, मग राजाराणीची गोष्ट सुरू होते ती सूर्य कलेपर्यंत. गोष्टीतल्या माणसाला काही सोसवेनासं झालं की तो एक लांबलचक ओळ गातो. तिला नामथर म्हणतात. ही ओळ एकट्यानं पुरी करायची नसते. शेपटी आली की बाकीच्यांनी उचलायची. आपल्या दंडारीच्या खेळात मागचे झीलकरी गाणाऱ्याची झील धरतात ना, तसं. नाही उचलली तर ओळ तशीच लटकून राहते, अन् ऐकणाऱ्याला आपलंच काही सांडल्यासारखं वाटतं.

वांगडूच्या नामथरात एक मुरड होती. ओळ वर चढायची, चढून उभी राहायची, अन् उतरताना मधेच एकदा वळायची. बैलबंडी बांधाच्या कोपऱ्यावर वळते ना, एक चाक जागच्या जागी आणि दुसरं धावतं, तशी. ती मुरड आली की कॅम्पातल्या बाया निवडायचं सूप बाजूला ठेवायच्या. यांगझोमनं ती बापाच्या मांडीवर झोपून उचलली. कोणी शिकवली नाही.

मग ती मोठी झाली, लगीन झालं, नवरा आधी हॉलंडला गेला आणि मागून पोरीला कडेवर घेऊन हीही आली. नवरा पुढं छातीच्या दुखण्यानं गेला. पोरगी देकी वाढली, एनस्खेडेला शिकायला गेली. त्या पोरीला मराठी येत नाही, तिबेटी समजते, उत्तर डच भाषेत देते.

नव्यानं आली तेव्हा यांगझोमचे कागद व्हायचे होते. देश सोडता येत नव्हता. तेवढ्यातच वांगडूनं अंथरूण धरलं. फोनवर बाप म्हणायचा, गा. ती गायची, अन् गोठणगावातून बाप शेपटी उचलायचा. शेवटच्या फोनला तिनं ओळ गायली, मुरड घेतली, शेपटीवर आली आणि थांबली. पलीकडे नुसता श्वास होता. ती थांबूनच राहिली. नंतर कोणीतरी फोन ठेवून दिला.

बापाला अग्नी दिला तेव्हा ती इथं पांघरुणं झटकत होती. बापाची वस्तू म्हणून तिच्यापाशी काही नाही. टोपी भावानं घेतली, ढोल कॅम्पाचा होता. तिच्या वाट्याला मुरड आली.

कागद झाले, वर्षं गेली. रविवारी खेमेंटेच्या हॉलात तिबेटी माणसं जमू लागली. खेमेंटे म्हणजे तिथली ग्रामपंचायत समजा. कोणी म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करणारी, कोणी ट्राम पुसणारा, कोणी हॉटेलात भांडी घासून आलेला. ल्हामोतलं कोणाला फारसं येत नव्हतं, तेव्हा यांगझोमच मास्तरीण झाली. विमान डोक्यावरून गेलं की सगळे तोंड उघडं ठेवून थांबायचे अन् आवाज सरला की तिथूनच पुढे गायचे. त्याची इतकी सवय झाली की एकदा दुसऱ्या गावी गाताना विमान नव्हतं तरी दोघं जण त्या जागी थांबले.

मुरड सगळ्यांना आवडायची. कोणी विचारलं ही कुठली, तर यांगझोम सांगायची, माझ्या बापाच्या खोऱ्यातली, डोंगरापल्याडची. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं. बापानंही नाही. तिनं विचारलंच नव्हतं. बापाच्या गळ्यातली होती म्हणजे बापाच्या मुलखातलीच असणार. आईच्या दुधाला कोणी गाव विचारतं का?

मग जिग्मे आला. तिशीतला पोरगा, हिमाचलातल्या धरमशाळेकडे रीतसर ल्हामो शिकलेला. स्वभावानं गरीब. सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावायचा, शेवटी राहून केर काढायचा. लोक त्याला गेन-ला म्हणू लागले, म्हणजे गुरुजी. यांगझोमही म्हणू लागली. तिला राग नव्हता. येतं त्यानं शिकवावं.

पहिल्याच रविवारी त्यानं तिचा नामथर ऐकला. पुन्हा म्हणायला सांगितला. आणखी एकदा सांगितला. मग डोळे मिटून बसला, आणि बापाचं गाव कोणतं ते विचारलं. तिनं सांगितलं. जिग्मे म्हणाला की त्या खोऱ्यातल्या दोन म्हाताऱ्यांपाशी मी बसून शिकलो, दोघांच्याही गळ्यात असलं वळण नव्हतं. लगेच तोच म्हणाला, मला सगळंच ठाऊक आहे असंही नाही.

एवढंच. वाद नाही, काही नाही. पण त्या दिवशी पुढच्या ओळीला तिची शेपटी उचलणाऱ्यांनी ती जरा उशिरा उचलली. कणभर. ते दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. यांगझोमला कळलं, अन् घरी जाताना सायकलवर तिला वाटलं, आपलं कोणीतरी दार वाजवतंय आणि आत कोण आहे ते आपल्यालाच माहीत नाही.

त्या उन्हाळ्यात युट्रेक्टच्या एका मैदानात तिबेटी लोकांचा मेळा होता. एका बाजूला तंबू, एका बाजूला मोमोंची दुकानं. गाण्याआधी यांगझोम मोमोंच्या एका दुकानावर बसली होती. समोर एक नवराबायको आले. बाई चांगली चापूनचोपून कपडे केलेली, पुण्याची. ती नवऱ्याला म्हणाली की हे तिखट असतील का रे. अन् वाफेच्या भांड्याआडून उत्तर आलं,

“तिखट नाई वो बाई. लेकरू खाईन इतकेच आहेत.”

नवऱ्याच्या हातातलं पाकीट खाली पडता पडता राहिलं. तो सुबोध, आर्नहेमला वीज कंपनीत इंजिनियर. गाव अर्जुनीपासून चार कोसांवर. हॉलंडातल्या बारा वर्षांत त्याच्या कानावर ही बोली फोनाबाहेर पडली नव्हती.

“कोनतं गाव, मावशी?”

“गोठनगाव. कॅम्पातली हावो मी. तुमी कोठचे गा?”

मग काय विचारता. मांडईची जत्रा कुठली मोठी भरायची, नवेगावच्या तलावातली मासोळी, अर्जुनीच्या बाजारातला तो लंगडा चिवडेवाला. मागं रांग खोळंबली. सुबोधची बायको शुभदा कौतुकानं बघत होती. ती म्हणाली, लग्नाला नऊ वर्षं झाली, हा असा बोलतो हे मला आज कळतंय. यांगझोम म्हणाली, सूनबाई, तुले भेऊन बोलत नसन.

ढोल वाजला तशी ती हात पुसून तंबूत गेली. राणीची ओळ होती. राणीला घराबाहेर काढलंय, लेकरं मागं राहिलीत. यांगझोम उभी राहिली, ओळ वर नेली, उभी केली, अन् उतरताना मुरडली.

सुबोधनं हातातला मोमो ताटलीत परत ठेवला.

खेळ संपला, सगळ्यांनी शुभ म्हणून मूठ मूठ पीठ आभाळाकडे उधळलं. केसांत पीठ घेऊनच सुबोध तिच्यापाशी आला. म्हणाला, मावशी, ही झील कोणाची? तिला कळलं नाही. तो म्हणाला, ती उतरताना वळली ती. माझा मामा अगदी अशीच घ्यायचा, मांडईच्या दंडारीत. आमच्याकडचे सगळे जुने झीलकरी घ्यायचे. यांगझोम हसली. म्हणाली, नाही गा, ही तिकडची आहे, तिबेटातली, माझ्या बापाची.

सुबोधला गाता येत नव्हतं. म्हणून त्यानं मामा कसा उभा राहायचा ते करून दाखवलं. उजवा हात कानावर, अन् मुरडीच्या जागेवर सगळं अंग डावीकडे कललेलं, जणू खांद्यावरून पाण्याची कावड उतरवतोय.

यांगझोमचं हसू तिथंच राहिलं. तो कल तिनं पाहिला होता.

केजाजी. कॅम्पाच्या धानगिरणीवर कामाला यायचा तो केजाजी. एका वर्षी कॅम्पातली तरणी पोरं फौजेत भरती झाली होती, आणि ल्हामोत शेपटी उचलायला तीन म्हातारे उरले होते. एकाला दमा. केजाजी कुंपणाबाहेर उभा राहून रोज तालीम ऐकायचा. वांगडूनं त्याला आत बोलावलं. अंगावर छुबा, म्हणजे तिबेटी लांब झगा, चढवला, तो त्याला पिंडरीपर्यंतच आला, अन् खाली त्याचे अनवाणी, भुशानं माखलेले पाय. शब्द त्याला एक कळत नव्हता. त्यानं नुसता स्वर धरला, कानावर हात ठेवला, डावीकडे कलला आणि शेपटी मुरडून उचलली. लोक आधी हसले. मग हसायचे थांबले. यांगझोम तेव्हा आईच्या मांडीवर होती, अन् त्या आवाजानं जागी झाली होती. पुढं केजाजी दरसाल येऊ लागला. दंडार आणि ल्हामो, दोन्हीकडे त्याचाच गळा. मग केव्हातरी तो येईनासा झाला. अन् केव्हातरी बापच मुरडू लागला.

हे सगळं तिला ठाऊक होतं. एका फडताळात केजाजीचे पाय होते, शेजारच्या फडताळात बापाची मुरड होती. दोन्ही दारं तिनं एका वेळी कधी उघडली नव्हती.

सुबोध परदेशात नातेवाईक सापडल्यासारखा खुशीत बोलत होता. शुभदाला यांगझोमचं तोंड दिसलं. तिनं नवऱ्याची बाही ओढली, उशीर होतोय म्हणाली, आणि त्याला घेऊन गेली.

यांगझोम गप्प राहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं. जिग्मेला शंका होती, पण पुरावा नव्हता, अन् तो पुरावे शोधणारा माणूसही नव्हता. ती दोनतीन रविवार गप्प राहिलीही. पण धानात करगा नावाचं तण असतं, तसं झालं. करगा दिसतो अगदी धानासारखा. तेच पान, तीच उंची. लोंबी फुटली की मगच कळतं. कळेपर्यंत कोणाचं काही जात नाही, पण कळल्यावर रोज बांधावरून जाताना नजर तिथंच जाते. शिवाय ती एवढी वर्षं लोकांना सांगत आली होती की ही डोंगरापल्याडची. लोकांनी ते पुढं लेकरांना सांगितलं होतं. खोटं बोलायचं मनात नव्हतं, पण झालं होतं ते खोटंच.

एका रविवारी खुर्च्या लावता लावता तिनं जिग्मेला सगळं सांगितलं. केजाजी, गिरणी, छुब्याखालचे पाय.

जिग्मेनं हातातली खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावर बसला. तिला वाटलं होतं तो खूश होईल, आपलं खरं निघालं म्हणून. तो खूश नव्हता. तो म्हणाला, “आचा-ला, तिकडे तिबेटात राज्य करणारे आपलं गाणं दर वर्षी थोडं थोडं बदलून ठेवतात. जुनं कसं होतं ते विचारायला तिथं माणूस उरत नाही. इथं आपणही बदललेलं गायलो, तर पुढच्यांनी विचारायचं कुणाला?”

आचा-ला म्हणजे ताई. बोलला तेही खोटं नव्हतं. तिनं एवढंच विचारलं,

“आणि माझा बाप?”

“बाप तुमचा आहे,” जिग्मे म्हणाला. “गाणं सगळ्यांचं.”

मग तो जरा मऊ होऊन म्हणाला की घरी गा ना तुम्ही हवं तसं, तंबूत तेवढं नको. यांगझोम म्हणाली, गेन-ला, माणसाला गळे दोन नसतात. त्याला वाटलं ती रुसून बोलतेय. ती रुसली नव्हती. शेतात राबलेलं माणूस जसं पाऊस कुठून येणार ते सांगतं तसं तिनं सांगितलं होतं.

अन् ती कामाला लागली. मुरड घालायला जन्म गेला नव्हता, ती आपसूक आली होती. काढायला मात्र मेहनत पडली. ओळ वर न्यायची, उभी करायची, अन् उतरताना सरळ उतरायची. गळा आपल्या सवयीनं वळायचा. बैल घराच्या वाटेला वळतो तसा. पुन्हा सरळ. गोदामात पांघरूण झटकताना ती ओठांत तेच करायची. पोलंडची बाई विचारायची की रोज एकच गाणं म्हणतेस का. ती म्हणायची, म्हणत नाही, निंदतेय, तण उपटतेय. ते पोलंडच्या बाईला काय कळणार. हिवाळाभर निंदण चाललं. रविवारी जिग्मे मान हलवायचा, बरोबर, बरोबर. शेपटी उचलणारे आता अगदी वेळेवर उचलू लागले. मध्यंतरी चहाला कोणी मुद्दाम तिच्याशेजारी येऊन बसायचं, जास्त गोड बोलायचं. आजाऱ्याशी बोलतात तसं.

केजाजीचं तिला कधी वाईट वाटायचं नाही. तो आपला होता तिथं होता. वाईट बापाचं वाटायचं. मुरड जायला लागली तसा बापाचा चेहराही तिला नीट आठवेना. आधी आवाज बंद, मग तोंड पुसट. फोनवरचा तो श्वास तेवढा राहिला.

पुढचा उन्हाळा आला, पुन्हा तेच मैदान, तोच तंबू. देकी एनस्खेडेहून आली होती. सुबोध आर्नहेमहून आला होता, या खेपेला एकटाच, आणि मोठ्या तयारीनं. त्याच्या मामाला लकवा झाला होता, खाटेवरून उठत नव्हता, जीभ जेमतेम चालत होती. गावातली दंडार बंद पडूनही जमाना झाला होता. सुबोधनं मामाला वर्षभर सांगून ठेवलं होतं की हॉलंडात एक बाई तुझी झील घेते. म्हातारा हट्टाला पेटला, ऐकव म्हणून. तर सुबोधनं गावी आपल्या एका भाच्याच्या फोनवर व्हिडिओ लावून दिला. तिकडे दिवेलागण झाली होती. खाटेवर उशाला टेकवून बसवलेला मामा फोनाच्या काचेत दिसत होता, एका बाजूचा ओठ लोंबलेला, डोळे मात्र टक्क उघडे.

यांगझोमला यातलं काही माहीत नव्हतं. ती उभी राहिली. राणीची ओळ. वर नेली, उभी केली. सुबोधनं फोन असलेला हात पुढं ताणला.

ओळ सरळ उतरली. वाहत्या पाटासारखी, कुठं न अडता. बाकीच्यांनी शेपटी उचलली ती अशी नेमकी की टाळ्या पडल्या. जिग्मेच्या डोळ्यांत पाणी होतं. तंबूच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना डोलवल्या.

सुबोधला वाटलं, ही नव्हे, पुढची असेल. पुढच्याही ओळीला वाटलं. मग पीठ उधळलं गेलं.

देकीनं आईच्या गळ्यात हात टाकले आणि डच भाषेत म्हणाली, “आई, आता तू सगळ्यांसारखी गातेस.” पोरीनं ते शाबासकीनं म्हटलं होतं. यांगझोमनं तिच्या केसांतलं पीठ झटकलं.

तंबूमागं ढोलाच्या पेट्या ठेवल्या होत्या तिथं सुबोध उभा होता. फोन अजून सुरूच. तो काही विचारणार तेवढ्यात फोनातून म्हाताऱ्याचा जड आवाज आला,

“बाई चांगली गाते गा. पन आपली नाई वाटत.”

यांगझोमनं कोण ते विचारलं. सुबोधनं घाईघाईत सगळं सांगितलं, मामा, लकवा, वर्षभराचा हट्ट. तो फोन बंद करायला गेला. तिनं त्याचा हात धरला. फोन आपल्याकडे वळवला. खाटेवरच्या माणसाला म्हणाली, “थांबा, मामाजी.”

तिनं पेटीवर हात टेकला आणि तिथंच गायली, हळू, पलीकडच्या लोकांना ऐकू जाणार नाही इतपत. वर नेली. उभी केली. उतरली. सरळ.

घसा खाकरला. पुन्हा. या खेपेला तिनं मुद्दाम डावीकडे अंग टाकलं, केजाजीसारखं. अंग कललं. गळा नाही कलला. तिसऱ्यांदा मुरडीच्या जागेवर आवाज नुसता फाटला, जुनं धोतर फाटतं तसा, अन् ती मधेच थांबली.

सुबोधनं मदत म्हणून स्वतः करून बघितलं. त्याला मुरड ओळखता येत होती, काढता येत नव्हती. जे निघालं ते ऐकून त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं. फोनातल्या म्हाताऱ्यानं तोंड उघडलं, लोंबलेल्या ओठाची बाजू थरथरली, अन् फोनातून नुसता श्वास आला. तिघांमध्ये एकालाही काय हवं ते सांगायची गरज नव्हती. तिघांनाही ते नेमकं ठाऊक होतं.

“राऊ दे वो बाई,” म्हातारा शेवटी म्हणाला. “उन्हात उभी आहेस. ऊन लागन तुले.”

मग तिकडच्या भाच्यानं फोन ठेवला.

सुबोध म्हणाला की मावशी, मागच्या साली मी थोडं घेतलं होतं फोनात, त्यात आहे ती. त्यानं ते काढलं, लावलं. गर्दीचा गलका, वारा, अन् मग तिचाच आवाज, वर गेला, उभा राहिला, वळला. यांगझोमनं कान देऊन ऐकलं. परक्या गावच्या बाईचं ऐकावं तसं, चूक काढायला नाही आणि वाखाणायलाही नाही. दुसऱ्यांदा लावू का विचारलं तर नको म्हणाली.

“बापाचा तेवढा श्वास होता माह्यापाशी,” ती म्हणाली. “आता तुह्या मामाचाबी झाला.”

पलीकडून जिग्मेनं हाक मारली. मैदान संध्याकाळच्या आत रिकामं करून द्यायचं होतं, आणि तंबू उतरवायला माणसं कमी पडत होती. दोघं गेले. खांब निघाले, पांढरं कापड फसकन खाली बसलं, आत राहिलेली हवा हळूहळू निघून गेली. एवढ्या मोठ्या कापडाची घडी एकट्याचं काम नाही. यांगझोमनं एक टोक उचललं आणि समोरचं सुबोधला उचलायला सांगितलं. तो इंजिनियर माणूस, त्याला ते जमेना, कापड तिरकं जाऊ लागलं.

“ताणून धर गा,” ती म्हणाली. “मंग चालत माह्याकडे ये.”

तो चालत आला. तिनं त्याच्या हातातली टोकं आपल्या हातात घेतली, कडेवरचं पीठ झटकलं, आणि पुढच्या घडीसाठी त्याला परत मागं पाठवलं.